उतारावरचा भांग

हे कुणाला पटणार नाही. पटलंच, तर ऐकणाऱ्याचं डोकं तपासून घ्यावं. त्या बंगल्यामागचा उतार इतका उभा होता, की मुंगीसुद्धा वर जाताना दोनदा दम खायची. वर गळलेलं हिरवं पान खाली पोचेस्तोवर पिकायचं.

तिथलं गवत राखणारा माळी उताराला असा चिकटलेला असायचा, की सगळे त्याला घोरपडच म्हणत. एकोणीस वर्षं त्यानं गवत आडवं कापलं, उभं कधीच नाही. वीतभर उंचही ठेवलं. उतारावर खुरटं कापलं की मुळं हात सोडतात आणि माती चालू लागते. सगळं सांभाळलं, चूक एकच केली. चढायला-उतरायला रोज तीच वाट धरली. त्याच्याच पावलांनी उतारावर मधोमध भांग पाडल्यासारखा टकला पट्टा पडला. मग एका सरीत त्या भांगातून पाणी धावलं आणि घमेलीच्या घमेली चिखल मालकीणबाईंच्या पायरीवर.

"महिना देते," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात हा पट्टा गवतानं नाही भरला, तर सगळ्या उतारावर सिमेंट. मग माळी नको, आणि माळ्याला खोलीही नको."

खोलीत घोरपडीची बायको. गुडघे गेलेले, उताराकडे खिडकी नाही. रोज विचारायची, "अहो, डबे बांधायला घेऊ का?"

"कशाला? आज दोन पेरं वाढलंय. कान लावला तर वाढल्याचा आवाज येतो."

"माझी हाक ऐकू येत नाही, आणि गवत ऐकू येतं!" ती हसायची आणि काढलेला डबा परत फळीवर ठेवायची.

खरं तर तो वरच्या झाडाला दोर बांधून लोंबकळायचा, पाय मातीला लागू नयेत म्हणून. दुसरीकडून मातीसकट कापून आणलेले गवताचे तुकडे त्यानं खुंट्या ठोकून बसवले, वर ओलं गोणपाट घातलं. चौथ्या दिवशी तुकडे घसरले. पुन्हा लावले, पुन्हा घसरले. विसाव्या दिवशी एक तुकडा उचलून पाहिला, तर खाली मूळ म्हणून नव्हतंच. तो तसाच दोरावर लटकून राहिला. वर जायला कारण नव्हतं, खाली जायला तोंड नव्हतं.

महिना भरला त्या संध्याकाळी तो दार ढकलून आत आला आणि टेकला.

"तुला पटायचं नाही," त्यानं सुरुवात केली. "गवत असं माजलं, की बाईंचा कुत्रा हरवला त्यात. शेपटी धरून ओढून काढला मी! बाई म्हणाल्या, आता शंभर वर्षं राहा इथंच."

ती हसली नाही. भिंत धरत धरत त्याच्यापाशी आली, त्याचा हात उजेडात धरला.

"अहो, मग नखांत सिमेंट कसं?"

त्यानं हात मांडीखाली सरकवला.

"कालवायलाही तुम्हालाच लावलं का हो?"