मत्स्यप्रक्रिया, दोनशे गुण

"कॉम्प्युटर?" परशुराम क्लार्कने खिडकीतून नंदाचा फॉर्म तिच्यापुढे नाचवला. "दहावीला गणितात किती?"

"चौऱ्याण्णव. दीडशेपैकी."

"मग हे धाडस कशाला?"

जून अठ्ठ्याऐंशी. नौपाड्यातल्या त्या कॉलेजात अकरावी सायन्सला दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून दोनशे गुणांचा तांत्रिक विषय घेता येई. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, आणि त्या वर्षी नव्यानेच सुरू झालेली मत्स्यप्रक्रिया. नंदाला पुढे इंजिनियरिंगला जायचं होतं.

"कोळीवाड्यातली ना तू? मत्स्यप्रक्रिया घे. घरचाच विषय. एकशेऐंशी हातचे. मी काय वाईट सांगतोय?"

"पापलेट घे, पापलेट!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. रांग हसली.

फाटकाजवळ माशांची टोपली ठेवून थांबलेली नंदाची आई, आवडाबाई, हसणं ऐकून पुढे आली. "मासली कापाला माझे पोरीला कालेजान कशाला पाठवू? ती त घरान शिकली. तिला कंपूटरच द्या."

"मावशी, हळू. आणि जरा लांब उभ्या राहा."

नंदामागच्या मुलीने नाकाला रुमाल लावला. आवडाबाईने तो पाहिला, तरी ती हलली नाही. "कंपूटर लिव, नंदा. कोनला घाबरू नको."

"आई, गप ना!"

नंदाला आता फक्त तिथून निघायचं होतं. तिने कॉम्प्युटर खोडलं, वर मत्स्यप्रक्रिया लिहिलं आणि सही केली.

"शहाणी आहेस," परशुराम म्हणाला.

विषय खरंच सोपा निघाला. शिकवणाऱ्या उत्तरा मॅडमना हलवा आणि रावस यांतला फरक पुस्तक उघडून सांगावा लागे. बारावीच्या दिवाळीत नंदाने त्यांना तांत्रिक विषयवाल्यांसाठी इंजिनियरिंगला असलेल्या राखीव जागांबद्दल विचारलं.

"त्या इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांना गं. या विषयाला नाहीत. फॉर्म भरताना कोणी सांगितलं नाही?"

नंदाने घरी काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. प्रयोगशाळेला मासे आवडाबाईच पुरवत असे. त्या दिवशीही ती पापलेटं देऊन रिकाम्या टोपलीसाठी दाराशी थांबली होती. बाकीची मुलं काटे कुठून काढायचे ते आठवत होती. एकाने बोट कापून घेतलं होतं. नंदाचे चारही मासे साफ होऊन ट्रेमध्ये ओळीने लागले होते.

बाहेरून आलेले परीक्षक वाकून पाहत राहिले. "वा! इतका सफाईदार हात! कुठे शिकलात?"

नंदाने दाराकडे पाहिलं. आई पदराने तोंड पुसत हसत होती, काही विचारलं तर सांगायला तयार.

"कॉलेजात, सर."

परीक्षकांनी गुण लिहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

शिपायाने टोपली बाहेर आणून दिली. आवडाबाईने ती डोक्यावर घेतली नाही. कडेवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना लागू नये म्हणून, ती भिंतीच्या कडेकडेने जिना उतरली.