डोळे भरलेलं चित्र

पंचानन पटुआचं पोट मेलेल्यांवर चालायचं आणि त्यात लाज वाटण्यासारखं त्याला कधी काही दिसलं नव्हतं. वैद्याचं आजाऱ्यांवर चालतं, वकिलाचं भांडणांवर चालतं, मग आपलं मेलेल्यांवर चाललं तर कुणाच्या बापाचं काय गेलं, असं तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या बापाचं नाव कासिम आणि याचं पंचानन. पटुआटोल्यात, म्हणजे पट रंगवणाऱ्यांच्या वस्तीत, असंच असतं, सणही हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे आणि बोलणीही दोन्हीकडची.

धंदा असा. आठवडी बाजारात जायचं, बिडी ओढत बसायचं आणि कुठल्या गावच्या माणसांनी डोकी भादरलीत ते बघायचं. कोण गेलं, बाई की बाप्या, म्हातारं की पोर, एवढं कानावर आलं की बास. घरी बासनात चित्रं तयारच असायची. एक पुरुषाचं, एक बाईचं, एक लेकराचं. सगळ्यांचा तोंडवळा एकच, आणि डोळ्यांत बुबुळं नाहीत. चित्र काखेत मारायचं, संथाळांच्या गावी त्या घरापुढं उभं राहायचं आणि आवाज जड करून सांगायचं, "तुमचं माणूस काल माझ्या स्वप्नात आलं होतं. तिकडं आंधळं फिरतंय बिचारं. ठेचकाळतंय, उपाशी आहे, पाणीसुद्धा दिसत नाही त्याला. त्याच्या वापरातली एक वस्तू द्या, मी डोळे भरतो." घरची माणसं रडायची. कुणी काशाचा वाडगा द्यायचं, कुणी कोंबडी, कुणी लुगडं. मग पंचानन शेळीच्या केसांच्या कुंचल्यानं काजळाचा एकेक ठिपका ठेवायचा. मेलेलं माणूस बघायला लागायचं आणि घरचे शांत व्हायचे. चित्र तो परत घेऊन यायचा, ठिपके पुसायचा आणि पुढच्या मयतीला तेच न्यायचा.

"लबाडी आहे ही सगळी," त्याची बायको मलेका भात वाढता वाढता म्हणायची.

"असेल लबाडी. तू याच लबाडीचा भात खातेस ना?"

"खाते. म्हणून तर बोलायचा हक्क आहे मला."

नुसता लबाड असता तर पंचाननचं बरं चाललं असतं. पण त्याच्या डोळ्यांना एक वाईट खोड होती. एखादं दृश्य आत शिरून असं ठाण मांडायचं की हलायचं नाव नाही. पहिलं लहानपणचं. आई चुलीत फुंकर घालतेय आणि धुरानं तिनं डोळे गच्च मिटलेत. दुसरं दुष्काळाच्या सालचं. रस्त्यानं एक बाई चालली होती, तिच्या कडेवरचं लेकरू केव्हाच गेलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं, तरी ती त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. तिसरं बुधरायचं.

बुधराय टुडू म्हणजे कुसुमडीह गावातल्या माइनो नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा. तळ्यात म्हैस धूत होता. म्हशीनं शेपटीचा असा फटका दिला की गडी पाण्यात आडवा, आणि वर आला तो हसतच. नाकातोंडातून पाणी गळतंय, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, आणि हसू आवरत नाही. बांधावरून पंचानन बघतच राहिला, हातातली बिडी विझली तरी. हे काढलंच पाहिजे असं त्याला अगदी पोटातून वाटलं. पण काढून करायचं काय? जितंजागतं माणूस भिंतीवर टांगायला कोण घेतंय? आधीची दोन त्यानं कधी काढली नव्हती, तसंच हेही राहून गेलं.

पुढच्या वर्षी बुधराय पूर्वेकडच्या दगडखाणीत कामाला गेला. सहा महिन्यांनी मुकादमाचा माणूस बाजारात सांगत आला की खाणीची कड कोसळली, आठ जण गाडले गेले, त्यात कुसुमडीहचा एक आहे. प्रेतं निघाली नाहीत. माइनोनं आठ दिवस पाण्याचा घोट घेतला नाही म्हणे. मग गावानं प्रेताशिवायच सगळे विधी केले आणि डोकी भादरली.

पंचानन घरी आला, बासन सोडलं, पुरुषाचं तयार चित्र हातात घेतलं आणि बाजूला ठेवलं. कोरा पट पुढं ओढला. त्या दिवशी हात त्याचा नव्हताच. गेरू कालवला, हळद कालवली, शेंगांच्या पाल्याचा हिरवा काढला, आणि सांज व्हायच्या आत पटावर पोरगं हसत उभं राहिलं, ओल्या केसांचं, चढलेल्या दातांचं. तीस वर्षांत पंचाननकडून खरं असं हे एकच चित्र झालं. तो आनंदानं रडला. मेलेल्या पोराच्या चित्रावर आनंदानं रडतोय म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली, तरी रडला.

मलेका बघून दचकली. "अगं बाई! हे रे काय करून बसलास?"

"का? जमलं नाही?"

"जमलंय, तेच वाईट झालंय. दुःखाच्या घरी नुसता आकार न्यावा, माणूस नेऊ नये. बुबुळं नाहीत अजून आणि माझ्याकडं बघतंय मेलं."

पण कलावंताला त्या वेळी कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी तो कुसुमडीहला पोचला, ठरलेलं सगळं बोलला, आंधळा आहे, उपाशी आहे, आणि पट उलगडला. माइनो रडली नाही. तिनं बोटानं त्या दातांना हात लावला. मग आत गेली आणि मुलगा ज्यात जेवायचा तो वाडगा आणून पंचाननपुढं ठेवला. त्यानं दोन ठिपके ठेवले. माइनोच्या तोंडून असा काही श्वास सुटला की पंचाननच्या अंगावर काटा आला.

चित्र मात्र तिनं परत दिलं नाही. "हा आता घरी आलाय, त्याला कुठं नेतोस?" म्हणाली. आणि पंचाननलाही तो पट पुसवला नसता. कणगीशेजारच्या भिंतीवर तिनं तो टांगला. रोज पहिला घास त्याच्यापुढं ठेवायची आणि मग स्वतः जेवायची. हळूहळू बाई माणसात आली. बाजारात भेटली की म्हणायची, "पटुआदादा, आज तुझा भाचा खुशीत होता बरं का." पंचाननला ते ऐकून अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोला, वाटायचाच.

असं दीड वर्ष गेलं. एके दिवशी, ऊन चांगलं चढलेलं असताना, कुसुमडीहचा एक माणूस धापा टाकत पटुआटोल्यात आला.

"चल लवकर. मांझीबाबानं बोलावलंय. ज्याचे डोळे तू भरलेस, तो परत आलाय."

"कोण परत आलाय?"

"बुधराय!"

पंचानन तसाच निघाला. वाटेत त्या माणसानं सांगितलं ते असं. कड कोसळली त्याच्या आठवडाभर आधी बुधराय मुकादमाशी भांडून निघून गेला होता, पार बंगालच्या बाजूच्या दुसऱ्या खाणीत. हजेरीत नाव तसंच राहिलं आणि मेलेल्यांत मोजलं गेलं. लिहिता त्याला येत नव्हतं. दगडाच्या भुकटीनं छाती निकामी झाली तेव्हा तिथल्यांनी हाकलला, आणि आला घराकडं.

गावाच्या टोकाला करंजाखाली तो बसला होता. पंचाननला ओळखू येईना. गालांची हाडं वर आलेली, भुवयांत राखाडी धूळ मुरलेली, आणि श्वास घेताना छातीत घरघर. त्याच्यापासून वीसेक हातांवर सगळं गाव उभं, त्याहून जवळ कुणी जात नव्हतं. त्याच्या घराचं दार आतून बंद होतं.

गावचा प्रमुख, म्हातारा मांझीबाबा, पंचाननला बाजूला घेऊन म्हणाला, "मी त्याच्याशी बोललोय. जिवंत आहे. माझ्या अंगावर खोकला तो. पण माइनो दार उघडत नाही. म्हणते, डोळे भरले म्हणजे तो तिकडचा झाला, आता हे जे आलंय ते त्याचं रूप घेऊन आलेलं काहीतरी आहे. अर्ध्या गावाला तसंच वाटतंय. डोळे तू भरलेस, निस्तरायचं तूच."

"मी काय निस्तरू?"

"तिकडं त्याला कसा बघितलास ते सांग. खरं काय ते सांग."

 समोर उभ्या माणसांत असं एक घर नव्हतं, जिथं पंचानननं ठिपके ठेवले नव्हते. खरं बोललं की धंदा बसला. एकट्याचा नाही, सगळ्या पटुआटोल्याचा. नाही बोललं तर हा पोरगा आईच्या दारात कुत्र्यासारखा मरणार. तेवढ्यात बुधरायनं मान वर केली.

"काका, तुम्ही सांगा ना आयोला. तुमचं ऐकेल ती. तीन दिवस चालत आलोय मी."

पंचानन दारापाशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "माइनोदीदी, ऐक. मला स्वप्न पडलं नव्हतं. मला कधीच कुणाचं पडलं नाही. बाजारात ऐकायचो आणि यायचो. ते डोळे-बिळे सगळं पोटासाठी होतं. हा तुझाच बुधराय आहे. दार उघड."

 मग मागच्या रांगेतून एक बाई पुढं आली. तिची सहा वर्षांची पोर तापानं गेली होती, तिचे डोळे त्यानं पावसाळ्याआधी भरले होते.

"मग माझ्या फुलीला दिसत नाही होय रे?"

पंचाननला तिच्याकडं बघवेना. "मला ठाऊक नाही, बाई," एवढंच तो म्हणाला. ती मटकन खाली बसली. कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी ढेकूळ मारलं, ते त्याच्या पाठीत बसलं. त्यानं पाठ चोळलीसुद्धा नाही. सगळं जाऊ दे, पण हे दार उघडू दे, एवढंच त्याच्या मनात होतं.

दार बोटभर उघडलं. आतून माइनोचा आवाज आला, अगदी शांत, समजूत घालणारा.

"खोटं बोलतोयस, पटुआदादा. दया आली तुला त्याची म्हणून खोटं बोलतोयस. चांगला माणूस आहेस तू."

"अगं, आत्ता खरं बोलतोय मी! आजपर्यंत बोललो ते खोटं!"

"मग हा कोण?" फटीतून पटाची कड दिसली. "हा दीड वर्ष माझ्याकडं बघतोय. माझं दुखलं-खुपलं याला कळतं. तूच तर आणलास ना याला? माझ्या पोराचे दात, माझ्या पोराचं हसू. आणि तिथं झाडाखाली बसलंय त्याचं तोंड बघ. ते हसतं तरी का?"

 रोजचं तयार चित्र आणलं असतं, सगळ्यांसारखं कोरडं तोंड, तर तिला आज हा मुलगा ओळखता आला असता. हे पंचाननला तिथंच कळलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"आण इकडं ते चित्र! मी पुसतो त्याचे डोळे! आण!"

"हात लावशील तर याद राख," माइनो म्हणाली, आणि दार लागलं.

बुधराय उठला आणि धडपडत अंगणापर्यंत आला. लोक मागं सरले. "आयो," त्यानं हाक मारली. आवाज कसला, नुसती फरफर. "आयो, मी आहे गं. दार उघड ना."

 मग दार उघडलं आणि माइनो बाहेर आली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, जमिनीकडं बघत होती. हातात सालवृक्षाच्या पानांचा द्रोण, त्यात भात आणि वर मीठ. अंगणाच्या कडेला, मेलेल्यांसाठी ठेवतात तिथं, तिनं तो टेकवला.

"खा आणि जा, बाळा," ती म्हणाली. "परत परत येऊ नकोस. मला त्रास होतो."

ती आत गेली. आणि बुधराय, तीन दिवसांचा उपाशी, बसला आणि खायला लागला. मध्येच खोकला यायचा, थांबायचा, परत खायचा. डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं तरी खात होता.

"बघ! बघ गं!" पंचानन दारावर मुठी आपटत ओरडला. "भूत कधी भात खातं का?"

"मेलेलेच उपाशी असतात," आतून आवाज आला. "तूच सांगितलंस."

मांझीबाबानं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. "बस झालं," म्हणाला. "घरात घुसवून काय उपयोग? आईनं तोंड फिरवल्यावर तिथं राहणार आहे का तो?"

पंचानननं बुधरायला आपल्या घरी नेलं. दोन मैलांची वाट, सहा वेळा बसावं लागलं. मलेकानं काही विचारलं नाही, ओसरीत चटई टाकली आणि पाणी तापत ठेवलं. बुधराय तिथं एकोणीस दिवस जगला. आईबद्दल वाईट शब्द त्यानं काढला नाही. एकदाच म्हणाला, "काका, तळ्यावर तुम्ही मला बघत होता, तेव्हाच मला हाक मारायला पाहिजे होती. मी जिता असतानाच काढलं असतंत माझं चित्र." पंचानन उठून परसात गेला आणि तोंडात धोतराचा बोळा कोंबून रडला.

विसाव्या दिवशी सकाळी पंचानननं काठी घेतली आणि चप्पल पायात घातली.

"कुठं निघालास?" मलेकानं विचारलं.

"कुसुमडीहला. आईला सांगायला नको?"

"काय सांगणार? एकच पोरगा दोनदा मेला म्हणून?"

पंचानन चप्पल काढून आत आला आणि त्यानं मांझीबाबाकडं निरोप धाडला. दुपारी मांझीबाबानं चार जण पाठवले. त्यांनी बुधरायला कुसुमडीहच्या नदीवर नेलं, आणि माइनोच्या घरावरून न जाता शेतातल्या वाटेनं नेलं.