बाहेरचं उत्तर

उत्कर्षाने लेकीला शाळेतून काढलं, तेव्हा बोईसरच्या त्या बिल्डिंगमधल्या एकूणएक दाराला तोंड फुटलं. पोरगी मंद आहे, आईचं डोकं फिरलंय, शाळेनेच हाकललं असेल. ज्याला जे सुचेल ते! आणि मंद कसली? नऊ वर्षांची स्वरा तोंडी भागाकार करायची. संध्याकाळी वारा फिरला की आज कारखान्यांकडून वेगळा वास येतोय, हे सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. पण मधल्या सुट्टीचा गोंगाट सुरू झाला की ती कान दाबून बाकाखाली शिरायची, आणि वर्गातल्या पोरी पाय धरून तिला बाहेर ओढायच्या. त्यांचा तो खेळच झाला होता. वर बाईंचं म्हणणं, "जरा मिसळायला शिकवा हो तिला." मुंबईच्या डॉक्टरांनी अस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार, असं नाव सांगितलं, आणि उत्कर्षाने घरी येऊन दप्तर माळ्यावर टाकलं.

घरी पोर खुलली. ओट्याशी बसून भाकरीचे तुकडे करत अपूर्णांक शिकली. मिक्सर लावायच्या आधी उत्कर्षा म्हणायची, "लावते हं," आणि स्वरा शहाण्यासारखी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. रडणं नाही, चावणं नाही. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवायचं, असं उत्कर्षाने ठरवूनही टाकलं होतं.

पंचाईत एकच होती. स्वराच्या जिभेवर खोटं टिकत नसे. शेजारच्या तेजलने हौसेने ढोकळा आणून दिला, तर ही म्हणाली, "आंबट झालाय, मी नाही खाणार." सुजित, म्हणजे तिचा बाबा, एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. त्याचे साहेब घरी आले, तर त्यांना म्हणाली, "काका, ही गोष्ट तुम्ही आत्ताच सांगितलीत." सुजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खूश असायची ती फक्त नवसी, चिंचणीहून दारावर मासळी घेऊन येणारी. ती मुद्दाम टोपली पुढे करायची, "बघ गो पोरी, ताजा हाय का?" स्वरा वास घेऊन सांगायची, "कालचा आहे, मावशी." नवसी खो खो हसायची, "हिला फसवता येत नाय!"

दिवाळीच्या आधी सुजितने निकाल लावला. "आई येतेय संगमनेरहून. ती बघेल पोरीला. तिला पटलं तर ठेव घरी. नाहीतर सुट्टी संपली की शाळा."

एवढंच ना? दाखवतेच, म्हणाली उत्कर्षा. पोर नीट वागली की घरच्या शिकवण्याला कोण नावं ठेवील? तिने नवा विषय काढला. दार बंद असेल आणि आपण दोघीच असू, तेव्हा घरचं उत्तर. बाकी कोणीही असो, बाबासुद्धा, तेव्हा बाहेरचं उत्तर. जेवण कसं झालंय? छान झालंय. आवडलं का? हो, खूप आवडलं. आणि फारच त्रास झाला तर? मूठ घट्ट आवळायची आणि हसायचं.

"बाहेरचं उत्तर खोटं असतं का?" स्वराने विचारलं.

"खोटं नाही गं. लोकांसाठी असतं."

स्वराने ते पाढ्यांसारखं पाठ केलं.

सासूबाई, सोजराबाई, आल्या. रविवारी सुजितने कंपनीतल्या दोन मित्रांना बायकापोरांसह मटण-भाकरीला बोलावलं. टीव्ही मोठ्याने, पोरांची किंचाळी, आत मिक्सर. या सगळ्यात स्वरा मधोमध बसली होती. कोणीतरी गालगुच्चा घेतला, ती हसली. "आजी, मटण छान झालंय," म्हणाली. उत्कर्षाला आकाश ठेंगणं झालं. पोरीची मूठ आवळलेली तिला दिसत होती. दिसली, आणि तिने भाकरी वाढायला घेतली.

हात धुऊन सोजराबाई म्हणाल्या, "अगं, काय धाड भरलीय हिला? चांगली शहाण्यासारखी बोलते की! रोग पोरीला नाही, आईला आहे. सोन्यासारखी लेक घरात कोंडून ठेवलीस."

सगळे हसले. सुजित सगळ्यात मोठ्याने हसला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा मोकळा झाला होता!

"अहो आई, हे मी शिकवलंय तिला..."

"मग झालं तर! शिकली ना? आता शाळेत जायला काय अडलंय?"

करायला गेली गणपती आणि झाला मारुती! तेवढ्यात सुजितने लेकीला जवळ घेतलं. "काय गं स्वरा, जाशील ना शाळेत? आवडेल?"

उत्कर्षा मान हलवून नको नको म्हणत होती. स्वराने खोलीभर पाहिलं. दार उघडं होतं, माणसं होती.

"हो बाबा, खूप आवडेल."

पाहुणे गेल्यावर तिने आईला न्हाणीघरात नेलं आणि कडी लावली. "आई, ते बाहेरचं होतं. घरचं उत्तर 'नाही' आहे. तू बाबांना सांग."

उत्कर्षाने सांगितलं. भांडली, रडली, डॉक्टरांचे कागद पुढे टाकले. सुजितचं एकच, "मी तिच्या तोंडून ऐकलंय. आता तू तुझं तिच्या तोंडात घालू नकोस." आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

"सांगितलंस घरचं उत्तर?" स्वराने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"थोडे दिवस जाऊन बघ, बाळा," उत्कर्षा म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

सुट्टी संपली. स्वरा शाळेत जाऊ लागली. तक्रार आली नाही. बाई म्हणाल्या, "खूप सुधारली." सोजराबाईंनी फोनवरून पाठ थोपटून घेतली. घरी येऊन पोर गणवेश न काढता भिंतीकडे तोंड करून बसायची.

एका दुपारी नवसी आली. टोपली पुढे केली, "बघ गो, बोंबील ताजा हाय का?"

स्वराने वास घेतला. हसली. "छान आहे, मावशी."

नवसीचं हसू तिथेच विरलं. "अगो, कालचा हाय तो. मी मुद्दाम दिला तुला." मग तिने उत्कर्षाकडे पाहिलं. "काय केलास गो पोरीला?"

उत्कर्षाने दार लावलं, कडी घातली, आणि लेकीची मूठ उघडून पाहिली. तळहातावर नखांचे व्रण होते, काही सुकलेले, काही ओले.

"स्वरा, बघ, दार बंद आहे. आपण दोघीच आहोत. मला खरं सांग, शाळा कशी आहे?"

स्वराने दाराच्या कडीकडे पाहिलं. मग आईकडे वळून, आईने शिकवलं होतं अगदी तशीच हसली.

"छान आहे, आई. खूप आवडते."