ओला कोपरा

धर्मेंद्र नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याची बायको ज्योत्स्ना पोस्टात कामाला. अमरावतीत बडनेरा रोडला त्यांनी ते जुनं घर घेतलं ते मागच्या अंगणासाठी. तिथं फरशी बसवायची, वर पत्र्याचं शेड, एक झोपाळा, कडेनं कुंड्या, असं सगळं ज्योत्स्नानं ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती. भिंतीलगतचा कोपरा ओला राहायचा. मे महिना, बादलीभर पाणी सांडलं तरी बघता बघता उडून जावं असं ऊन, आणि तिथली माती मात्र संध्याकाळी गार लागायची. प्लंबरनं खणून पाहिलं. त्या बाजूनं पाइपच गेलेला नव्हता.

दोघांनी शेजारच्या सत्यभामाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, घराची आधीची मालकीण, पंचफुलाबाई, दिवस मावळताना रोज तिथं पाणी शिंपडायची. रात्री नवऱ्याची बाज टाकायला जागा गार व्हावी म्हणून. एका उन्हाळ्यात तो वरूडला जातो म्हणून गेला तो आलाच नाही. बाई मरेपर्यंत शिंपडत राहिली.

"तेवढा कोपरा राहू दे पोरी," त्या म्हणाल्या. "तिले दुसरी जागा नाई."

ज्योत्स्ना भुताखेतांना मानणाऱ्या घरातली नव्हती. तिनं मिस्त्रीला बोलावून कोपऱ्यासकट सगळीकडे फरशी बसवून घेतली. ओल थांबली. धर्मेंद्र झोपाळ्यावर बसून चहा पिऊ लागला.

त्याच आठवड्यात ती कामावरून आली, खोलीत गेली, आणि तिच्या पायाला गार लागलं. पलंगाच्या ज्या बाजूला धर्मेंद्र झोपायचा, तिथली जमीन ओली होती. पाणी सांडलेलं नव्हतं, ओंजळीनं शिंपडलेलं होतं. खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता. तिनं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. धर्मेंद्र यायच्या आत पुसून व्हावं म्हणून ती धावतपळत घरी येऊ लागली. दिसत कोणीच नव्हतं. पण पुसताना तिला सारखं वाटे, दाराशी कोणीतरी उभं आहे आणि आपलं आटोपायची वाट पाहतंय.

शेवटी एका रविवारी जेवताना तिनं कोपऱ्यातली फरशी काढायला सांगितलं.

"काहून? आताच तं बसवली."

"ते बाई तुमची बाज टाकाची जागा करून राहिली," ज्योत्स्ना म्हणाली. "आपल्या खोलीत."

धर्मेंद्र हसला नाही. त्यानं पहार आणली आणि स्वतःच फरशी उचकटली.

खोली कोरडी झाली. पण कोपराही पुन्हा ओला झाला नाही. उन्हानं तिथल्या मातीला भेगा पडल्या. सत्यभामाबाईंनी भिंतीवरून पाहिलं आणि त्या आत गेल्या.

आता दिवस मावळला की ज्योत्स्ना घरभर अनवाणी फिरते. हॉल, स्वयंपाकघर, जिना. तळपाय हळूहळू टेकवत जाते, कुठं गार लागतंय का ते बघत. काय शोधतेस, असं धर्मेंद्र विचारतो. ती पुढच्या पायरीवर पाऊल टेकवते.