उलटी चिठ्ठी

एक्स-रे विभागातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल ‘खडूस’ म्हणायचं, अर्थात पाठीमागे. कुणाचाही फोटो आला की सोबतची चिठ्ठी त्या आधी उलटी ठेवत. "आधी हाड बघू दे, मग तुमचं मत बघते!"

त्या दिवशी मात्र हाडांचे सर्जन स्वतःच फोटो घेऊन आले. "लहान मुलगी आहे. गुडघ्याच्या वर हाड पोखरलंय. कॅन्सरची गाठ, दुसरं काय! आईला सांगूनही टाकलं."

बाईंचं डोकंच फिरलं. "अहो, एवढी कसली घाई? जंतूसुद्धा हाड असंच पोखरतात."

"ताप नाही तिला."

"कधी कधी नसतो. साध्या एक्स-रेत दोन्ही जुळ्या बहिणींसारखे दिसतात. एमआरआय करू."

एमआरआयची चित्रं आली तशा बाई खुर्चीत पुढे सरकल्या. हाडातल्या पोकळीला आतून उजळ कड होती. शेजारच्या हाडाच्या मगजात चरबीचे बारके थेंब सुटे पडले होते. गाठ असती तर तिने मगज गिळून टाकला असता, असे थेंब मागे ठेवले नसते. शिवाय पोकळीतून हाडाबाहेर एक बारीक वाट निघाली होती.

"पू आहे हा. लिहून देते," बाई म्हणाल्या.

"आणि चुकलात तर?"

"म्हणून तर सुई घालायची. मीच घालते. जे निघेल त्यातलं अर्धं जंतू शोधायला, अर्धं पेशी बघायला. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे हो, पण पोरीचा पाय मी नुसत्या भरवशावर सोडणार नाही."

सीटी स्कॅनवर बघत बघत बाईंनी सुई बरोबर पोकळीत नेली. सिरिंजमध्ये पिवळट पू चढला. सर्जन हसले, "जिंकलात!"

"गाठ आतून कुजली तरी असंच काहीबाही निघतं. रिपोर्ट येईपर्यंत गप्प बसा," बाईंनी दटावलं.

रिपोर्ट आला. जंतू वाढले होते, कॅन्सरची एकही पेशी नव्हती. बाई सर्जनना ओढतच वॉर्डात घेऊन गेल्या. "ताई, कॅन्सर नाही. हाड साफ करायचं, औषधं द्यायची. पाय शाबूत राहणार."

आई मटकन स्टुलावर बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. मुलगी मात्र आईकडे रागाने बघत होती. तिचे केस कानापर्यंत, वेडेवाकडे कापलेले होते.

"म्हणजे औषधाने केस गळणार नव्हते?"

"नाही गं."

"मग माझी वेणी?"

आईने पिशवीतून रिबिनीसकट वेणी काढली, चांगली हातभर लांब. "केस गळून पोरीच्याच हातात यायला नकोत, म्हणून डॉक्टर कॅन्सर म्हणाले त्याच संध्याकाळी मी कापली."

सर्जन खाली मान घालून उभे होते. मग ते कॉटच्या कडेला बसले.

"शाळेत कुणी चिडवलं तर सांग, डॉक्टरांनी कापली."

मुलीने त्यांना नीट न्याहाळलं. "खरंच तर आहे," ती म्हणाली.