खालच्या केबिनच्या दारात

मी पेटी बोलून राहिले. पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोघांनी मिळून उचलावी लागणारी. हळू बोल म्हणाल तर जमणार नाही. पत्रा आहे, वाजणारच! आणि आज मला मधुकररावांविषयी बोलायचं आहे, म्हणजे जरा जास्तच वाजणार.

माझा जन्म नागपूरच्या इतवारीतल्या पेटीवाल्याच्या दुकानात झाला. कामठीच्या रामाजींनी मला लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. लेक म्हणजे वच्छला. तिच्यासोबत मी नागपुरातच महाल भागातल्या या घरी आले. तिनं माझ्यावर क्रोशाचं झाकण घातलं, रोज पुसलं. मधुकररावांनी काय केलं? उन्हाळा लागला की माझ्यावर कूलर ठेवला. वर्षानुवर्षं त्याचं पाणी माझ्या पाठीवर गळत राहिलं. वच्छला म्हणायची, "अहो, तिले गंज लागते ना!" तर हे म्हणायचे, "पेटीच तं आहे, तिले का समजते?"

समजते, मधुकरराव. सगळं समजते.

मधुकरराव कंजूस नव्हते, दुष्ट नव्हते. शाळेत भूगोल शिकवायचे. फक्त आपल्याला सगळं कळतं, एवढा एकच आजार होता. आणि त्या आजारापायी वच्छलाची एकुलती एक हौस वाया जाणार होती. तिला समुद्र पाहायचा होता. लग्नात यांनीच कबूल केलं होतं, की मुंबईहून गोव्याला बोटीनं नेईन. त्या कबुलीला वीस वर्षं झाली. पोरं मोठी झाली, सासू-सासऱ्यांचं करून झालं, तरी समुद्र आपला भिंतीवरच्या नकाशातच. शेवटी चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात जायचं ठरलं. वच्छला झाडता झाडता गाणं म्हणायला लागली होती हो!

शेजारच्या गोपिकाबाई आदल्याच वर्षी जाऊन आल्या होत्या. त्यांनी अंगणातूनच सांगितलं, "वच्छला, दोन गोष्टी ध्यानात ठेव वं. बोट सकाळी सुटते, तं आदल्या रात्री धक्क्याजवळच्या लॉजमध्ये राहा. अन् केबिन वरची घे, खिडकीची. खाली इंजिनाची धग लागते. दिसत तं काहीच नाही."

मधुकरराव आत पेपर वाचत होते. त्यांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीच्या एजंटाकडून बोटीचा नकाशा घेऊन आले आणि माझ्या पाठीवर पसरला. म्हणाले, "वच्छला, इकडं ये. मे महिन्यात आपल्या घरी थंडक कुठं असते? वरच्या माळ्यावर का खालच्या खोलीत?"

"खालच्या खोलीत," वच्छला म्हणाली.

"मंग? नागपुरात वरच्या माळ्यावर दुपारी कोणी निजते काय? तव्यावानी तापते तो. बोटीचंबी तसंच. म्हणून मी अगदी तळची केबिन घेतली. पाण्याच्या खाली! मडक्यातल्यावानी गार राहीन."

"पण खिडकी?"

"खिडकीतून गरम हवेची लू येते वं!"

अरे भैताडा! समुद्रावर कुठून आली लू? मी करकरले, पण माझी करकर कोणी ऐकावी?

लॉजचंही तसंच. यांनी मुंबईच्या लॉजवाल्यांना पत्रं लिहिली, तर विचारलं काय? तुमच्याकडे कूलर आहे का? धक्क्याजवळचे सगळे नाही म्हणाले. मुलुंडच्या एकानं हो म्हटलं. झालं, मुलुंड पक्कं! धक्का कुठं, मुलुंड कुठं! भूगोलाचे मास्तर हे!

आणि मग माझी भरती सुरू झाली. वच्छलानं बोटीवर नेसायला कुसुंबी रंगाचं नवं पातळ घेतलं होतं. ते तिनं माझ्या पोटात अगदी वर ठेवलं, मायेनं. मधुकररावांनी ते काढलं. त्या जागी काय ठेवलं माहीत आहे? टेबल फॅन! आणि गारव्यासाठी पाणी मारायच्या वाळ्याच्या टट्ट्या! "पातळं का, दोन कमी झाली तं चालते," म्हणाले. वच्छलानं पातळ घडी करून कपाटात ठेवलं आणि बराच वेळ कपाटाशीच उभी राहिली. त्या दिवशी मी ठरवलं. म्हटलं, थांब लेका, तुला दाखवते पेटीला काय समजतं ते.

मुलुंडच्या लॉजमध्ये यांनी हौसेनं कूलर लावला. मुंबईची हवा आधीच ओली, त्यात हा पाणी मारणारा. गाद्या दमट, उशा दमट, मधुकरराव निथळत. सकाळी डोळा लागला तो उशिरापर्यंत. मग टॅक्सीसाठी पळापळ. मी टपावर, हे आत बसून ओरडत, "जल्दी चलो भैया!" धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी काढायला घेतली होती. हमालानं मला डोक्यावर घेतलं, खाली, अजून खाली, पार तळाला नेलं आणि भोंगा वाजताच केबिनच्या दारात आदळून पळाला.

मधुकरराव अगोदरच आत शिरले होते. आत खिडकी नाही, भिंतीपलीकडे इंजिन धडधडतंय, वाफाळलेल्या भाताच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखी हवा. त्यांनी मला आत ओढलं.

आणि मी अडले! एक कोपरा चौकटीत रुतवला, दुसरा खाली घातला, अंग तिरपं उभं केलं. ओढ म्हटलं, किती ओढतोस ते. त्यांनी ओढलं, तर कडी त्यांच्या हातात आली. ते आत, वच्छला बाहेर, मध्ये मी. माझ्यावरून चढून यावं तर वर हातभर फट, आणि त्यांचं पोट भूगोलातल्या सातपुड्याएवढं. टेबल फॅन माझ्या पोटात, कुलूप दाराबाहेरच्या बाजूला. अहाहा! काय सांगू, गंजलेल्या पाठीला असं बरं वाटलं!

"वच्छला, ढकल वं!"

वच्छलानं दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले. मला वाटलं, झालं, आता ही ढकलणार. जन्मभर हिनं हेच केलं. पण जोर काही येईना. मग तिनं हात काढून घेतले.

"अहो, मी वर जाऊन येते."

"अन् मी? मले इथं सोडून चालली?"

"खालीच थंडक असते ना? बसा मंग."

आणि गेली! त्या अरुंद जिन्यावर तिच्या चपला वाजत वर गेल्या. मधुकरराव हाका मारत राहिले, मग सदरा काढला, मग बनियन, मग पेपरानं वारा घेत बसले. मी जागची हलले नाही.

दिवे लागले तेव्हा ती आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल, ओठ खारट झाले म्हणून चाटत होती. सोबत दोन खलाशी. त्यांनी मला उचकटून काढलं. मधुकरराव ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मी सगळी बोट फिरून पाहिली. वर डेकवर जागा धरली आहे. सतरंजी घ्या अन् चला." ते निमूट निघाले.

घरी परतल्यावर त्यांनी गल्लीभर सांगितलं, "बोट चांगली होती, पेटीच बेकार." मला भंगारात द्यायचं म्हणाले. वच्छला म्हणाली, "तिले हात लावून तं पाहा."

आता त्र्याऐंशी साल आहे. आज सकाळी वच्छला गोपिकाबाईंना घेऊन मद्रासला निघाली. तिथून जहाजानं अंदमान! एजंटापुढे तिनं स्वतः नकाशा पसरला. एक दिवस आधी पोचायचं, हॉटेल बंदराजवळ, केबिन वरची, जहाजाच्या मधोमध, म्हणजे हेलकावे कमी. आणि सामान? बर्थखाली सरकेल अशी छोटी सुटकेस. मोठी पेटी केबिनमध्ये नेऊच नये, असं तीच गोपिकाबाईंना समजावत होती.

मी ऐकलं. बरोबर बोलली. मी एक अख्खा दिवस अन् रात्र बोटीवर होते आणि समुद्राचा थेंब पाहिला नाही. आता पाहणारही नाही.

जाताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "येते वं," म्हणाली. जा बाई, जा. पोटभर पाहा.

घरी आता आम्ही दोघंच. मधुकरराव रिटायर झाले आहेत. "मले काहून नेलं नाही?" असं मघापासून भिंतीला विचारत आहेत. दुपार झाली की ते कूलर शोधतील, उचलतील आणि ठेवायला माझ्याकडेच येतील.

या, मधुकरराव. माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा पत्रा बराच उचकटला आहे, आणि तुम्ही अनवाणी आहात.