वेरागलचा बर्फ

इथं नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्याच्या आदल्या दुपारी वेरागलच्या रस्त्यांवरचं डांबर चपलांना चिकटत होतं, आणि मॉलच्या दाराशी मात्र कापसाचा बर्फमाणूस गळ्यात मफलर गुंडाळून उभा होता. नरेलनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती आगीच्या बंबाच्या सावलीत सरकली.

दरवर्षी या दिवशी गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बंब भोंगा वाजवत गल्लोगल्ली फिरायचा. टपावर सांता बसायचा आणि फाटकाशी उभ्या असलेल्या पोरांकडे मूठमूठ गोळ्या फेकायचा. हा सांता म्हणजे नरेलचे वडील, मर्व्ह. गेल्या थंडीत ते गेले. यंदा नव्या मॉलनं दलाला नवा पंप देऊ केला. अट एवढीच, की चार वाजेपर्यंत बंब मॉलच्या वाहनतळावर उभा राहील. सांता मॉलचा, गोळ्या मॉलच्या, आणि सांताशेजारी बसून फोटो हवा असेल तर तो विकत घ्यायचा.

नरेलही दलातलीच. कप्तान ग्लेनिसला ती म्हणाली होती, "बाबा चौदा वर्षांच्या पोरालाही फाटकापर्यंत यायला लावायचे. फेरी एकदा चुकली, की पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही."

"पंपाशिवाय आग विझवायची कशी, ते सांग," ग्लेनिस म्हणाली.

आता पोरं रांगेत घामाघूम उभी होती. शहरातून आणलेला सांता केसाळ अंगरख्यात उकडून निघत होता. मॉलचा व्यवस्थापक ब्रेडन डोक्यावर हरणाची शिंगं लावून हिंडत होता.

"ग्लेनिस, बंबाला जरा घंटा बांधूया का? फोटोत छान दिसतील."

"त्याला भोंगा आहे, बाळा. वाजवून दाखवू?"

ब्रेडन पुढे गेला आणि त्यानं नकली बर्फाचं यंत्र सुरू केलं. फेसाचा पांढरा लोट छपराच्याही वर उसळला. खाली पोरांच्या डोक्यांवर थोडा पडला, बाकीचा गरम वाऱ्यानं उचलला आणि झाडांच्या वर नेला. पोरं खूश झाली. नरेललाही नाइलाजानं हसू आलं.

तेवढ्यात बंबातला रेडिओ खरखरला. मॉलच्या आवारातून दाट पांढरा धूर, वेरागल दलानं ताबडतोब निघावं.

"आम्ही इथंच आहोत," ग्लेनिस रेडिओवर म्हणाली. "कुणी कळवलं?"

टेकडीवरच्या अर्ननं, असं उत्तर आलं. म्हातारा उन्हाळाभर दुर्बीण घेऊन ओट्यावर बसतो. वणव्यांच्या या दिवसांत आकाशात पांढरं काही दिसलं, की वेरागलमध्ये आधी फोन करतात आणि मग विचार करतात.

ग्लेनिसनं रेडिओ जागेवर ठेवला. आधी तिनं फेसाकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग नरेलकडे.

"ब्रेडन, यंत्र बंद कर. आवार रिकामं करायचंय."

"अहो, धूर कुठाय? तो बर्फ आहे."

"तपासल्याशिवाय मी कसं सांगणार? वर्दी आली की आवार माझं." ती यंत्राभोवती सावकाश फिरली, वाकून वास घेतला. मग लोकांकडे वळून शांतपणे म्हणाली, "सगळ्यांनी घरी जा. घरी म्हणजे आपापल्या फाटकाशी."

गावाला अर्थ कळायला वेळ लागला नाही. बघता बघता चार वाजले आणि वाहनतळ रिकामा झाला.

"आणि पंपाचं काय?" ब्रेडननं विचारलं.

"चार वाजून गेलेत. बंब इथं होता, आता दलाच्या स्टेशनात चाललाय. रस्ता गावातून जातो, त्याला आम्ही काय करणार? गोळ्या मात्र द्या. आवारात ठेवल्या तर वितळतील."

ब्रेडननं शिंगं काढली, डोकं खाजवलं आणि पोती स्वतः उचलून दिली.

शहरातला सांता टपाकडे बघून म्हणाला, "मी नाही हं चढणार. मला खुर्चीचं सांगितलं होतं." त्यानं अंगरखा कधीच उतरवला होता. तो त्यानं नरेलपुढे धरला. "घामानं ओला आहे, ताई."

"असू दे," म्हणत नरेलनं तो अंगात चढवला आणि ती टपावर जाऊन बसली.

पहिल्याच गल्लीत तिनं फेकलेल्या गोळ्या फाटकावरून थेट कौलांवर गेल्या.

"मर्व्हचा नेम बरा होता गं," खालून कुणीतरी ओरडलं.

"तुमचा झेल तरी कुठे बरा आहे?" नरेलनं वरून सुनावलं.

पुढच्या फाटकाशी एक चिमुरडी आईला म्हणाली, "हा सांता बाई आहे."

"गोळ्या वेच आणि गप्प बस."

मिसरूड फुटलेले पोरगेही फाटकाशी आले होते, आपल्याला काही नकोय असा चेहरा करून. नरेलनं त्यांच्याकडे मुद्दाम जोरात फेकलं. त्यांनी झेललं.

शेवटच्या गल्लीत तिचं स्वतःचं घर लागलं. तिथं बंब हळू झाला. ग्लेनिसला सवयच होती. मर्व्हनं इथं हात मोठा फिरवायचा आणि हिरवळीवर नरेलनं आधी लहानपणी, मग मोठेपणीही खोटं खोटं धावायचं. आज तिथं कुणी नव्हतं.

नरेलनं पोत्यात हात घातला आणि रिकाम्या हिरवळीवर मूठभर गोळ्या टाकल्या.

ग्लेनिसनं खिडकीतून मान बाहेर काढली. "त्या कोण वेचणार?"

"मीच. घरी गेल्यावर," नरेल म्हणाली. "चल, कोपऱ्यावरची पोरं वाट बघतायत."